टेकडीवरचा पत्ता

मी एका कुलूपबंद कपाटातून बोलतोय, तेव्हा माझ्या बोलण्याबरोबर पंख्याची घरघरही ऐकू येईल, ती चालवून घ्या. मी एक स्विच आहे. दिवा लावायचं बटण नव्हे. त्याला एकच काम, चालू नाहीतर बंद. माझ्या तोंडावर अठ्ठेचाळीस भोकं आहेत, प्रत्येकात एक वायर, आणि प्रत्येक वायरीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी माझ्या भरवशावर बसलेलं. दिसायला मी पिझ्झाच्या खोक्याएवढा. पण गेली नऊ वर्षं ऑटर लँडिंग गावच्या शाळेत माझ्या पोटातून गेल्याशिवाय एक शब्दही इकडचा तिकडे झालेला नाही.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. कारखान्यात एकदा वीज दिली, मी शुद्धीवर आहे का ते पाहिलं, आणि लगेच झोपवून खोक्यात भरलं. खोकं उघडलं तेव्हा समोर एक बाई होती. करडे केस, नाकावर घसरलेला चष्मा, दातांत धरलेली वायरी बांधायची एक प्लास्टिकची पट्टी.

"ये रे बाबा," ती म्हणाली. "दिसतोस तर बरा. टिकतोस किती ते बघू."

ती मार्लिस हेइकिनेन. आधी बावीस वर्षं टेलिफोन कंपनीत होती, उणे वीसच्या थंडीत खांबावर चढून तांब्याच्या तारा जोडायची. गुडघे बोलायला लागले तेव्हा खांब सोडून शाळेत आली. शाळा तेव्हा टेकडीवर होती, मेपल स्ट्रीट, नंबर दोनशे दहा. त्या इमारतीच्या भिंतींत चार घराणी नांदत होती: फोनच्या तारा वेगळ्या, घंटेच्या वेगळ्या, बॉयलरच्या वेगळ्या, कॉम्प्युटरच्या वेगळ्या. प्रत्येकीचा माणूस वेगळा, आणि फोनवाला घंटेच्या तारेला बोट लावायचा नाही. काही बिघडलं की चौघंही "आमचं ठीक आहे" म्हणून मोकळे.

मार्लिसने ती चारही घराणी एका वायरीत आणली. फोनवरचं बोलणं, घंटेची वेळ, बॉयलरची गरमी, दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्र, मुलांचे निबंध, सगळं आता बारीक तुकडे होऊन माझ्याकडे येतं आणि मी ते ज्याच्या त्याच्याकडे धाडतो. यात एक गोम आहे. सगळ्यांना सारखा न्याय देऊन चालत नाही. निबंध दोन सेकंद उशिरा पोचला तर निबंधाचं काही बिघडत नाही, पण बोलण्यातला शब्द उशिरा पोचला की तो शब्द मेलाच. म्हणून बोलणाऱ्याला मी नेहमी पुढे सोडतो. बाकीचे कितीही रांगेत खोळंबलेले असोत, माणसाचा आवाज आधी. या कामात मी कधी चुकलो नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. छाती नसली तरी.

आणखी एक काम माझ्याकडे आहे. लोकांना ते ठाऊक नसतं. पूर्वी फोनची तार भिंतीतून निघायची ती सरळ टेलिफोन कंपनीत जायची, त्यामुळे फोन कुठे आहे हे तारच सांगायची. आताचा फोन बिनमुळाचा. उचला आणि दुसऱ्या गावात नेऊन लावा, त्याला काही फरक पडत नाही. म्हणून जागा झाला की तो आधी मला तीन गोष्टी विचारतो. तू कोण? मला वीज किती देशील? आणि मी कुठे आहे? मी त्याला सांगतो, तू अमुक इमारतीत, तमुक खोलीत आहेस. तो ते मनात ठेवतो, आणि कुणी संकटात नऊ-एक-एक फिरवलं की हाच पत्ता मदत पाठवणाऱ्यांच्या पडद्यावर उमटतो.

माझ्या फळीवरून मला रस्ता दिसत नाही. मी कुठे आहे ते मला काय ठाऊक? मार्लिसने पहिल्याच दिवशी ते माझ्यात लिहून ठेवलं होतं: टेकडीवरची शाळा, मेपल स्ट्रीट दोनशे दहा, आणि पुढे भोकागणिक खोलीचं नाव. मी तेच सांगत आलो.

सात वर्षं गेली. गावात मुलं कमी झाली, टेकडीवरच्या शाळेचं छप्पर बर्फाखाली वाकू लागलं. तेव्हा सगळ्यांनी मिळून खाली सरोवराकाठी, लेक रोडला, अठरा नंबरच्या जागेत नवी शाळा बांधली. ऑगस्टमध्ये हलवाहलव झाली. मार्लिसने मला फळीवरून काढलं, घोंगडीत गुंडाळलं आणि आपल्या ट्रकमध्ये शेजारच्या सीटवर बसवून, वर पट्टा लावून, खाली आणलं. नव्या तळघरात मला कपाटात बसवून तिने वायरी त्याच क्रमाने खोचल्या. स्वयंपाकघराची वायर स्वयंपाकघराच्या भोकात, ऑफिसची ऑफिसच्या. वीज दिली, आणि तासाभरात सगळे फोन वाजायला लागले.

लोकांना ते पटेचना. गावाची समजूत होती की आठवडाभर फोन बंद राहणार. शाळेचे प्रमुख ब्रूस लिंडग्रेन स्वतः केक घेऊन तळघरात आले.

"मार्लिस, कमाल केलीत तुम्ही! काही म्हणजे काही बदललेलं नाही!"

"चालणाऱ्या गोष्टीला मी हात लावत नाही," मार्लिस म्हणाली आणि लाजून केकचा तुकडा तोडला. तिच्या धंद्यातल्या माणसांचं हे जगण्याचं सूत्रच आहे. आणि ब्रूस साहेबांचं बोलणं अक्षरशः खरं होतं. काहीही बदललेलं नव्हतं. माझ्यात लिहिलेला पत्तासुद्धा.

त्या दिवसापासून मी प्रत्येक फोनला सांगत राहिलो की तू टेकडीवर आहेस. शांतपणे, न चुकता. सव्वा वर्षात कुणाला नऊ-एक-एक फिरवायची वेळ आली नाही, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आता डोरीनबद्दल सांगायला हवं. डोरीन ट्रेव्हारो शाळेची स्वयंपाकीण. मार्लिसची मैत्रीण म्हणा किंवा कायमची भांडणारीण. डोरीनचे पूर्वज कॉर्नवॉलहून इथल्या तांब्याच्या खाणीत आलेले, मार्लिसचे फिनलंडहून. दोन्ही घरांत पेस्टी होते, म्हणजे मांस-बटाटा भरून कडेने मुरडलेली मोठी करंजी. भांडण एवढंच की डोरीनकडे त्यात रुटाबागा नावाचा सलगमासारखा कंद पडतो आणि मार्लिसकडे गाजर. तीस वर्षं या दोघी त्यावर हुज्जत घालत आल्यात, आणि मला वाटतं ती मिटावी असं दोघींनाही वाटत नाही.

पंधरा नोव्हेंबरला हरणांची शिकार सुरू होते. त्या दिवशी आमच्याकडे शाळेला सुट्टी, कारण उघडी ठेवली तरी कुणी येणार नाही. सगळं गाव रानात. इमारतीत फक्त दोघी होत्या. डोरीन वरच्या स्वयंपाकघरात, चर्चमधल्या संध्याकाळच्या जेवणासाठी दीडशे पेस्ट्या करत होती. मार्लिस तळघरात माझ्याजवळ, कारण मला नवीन आज्ञावली घालायची तर कुणी फोनवर नसेल असा दिवस लागतो.

नऊ वाजता डोरीन एक गरम पेस्टी बशीत घेऊन खाली आली.

"खा. त्यात गाजर नाही, घाबरू नकोस."

"म्हणूनच घाबरतेय."

"बाई गं, तुझ्या आजीने गाजर घातलं कारण तिला रुटाबागा म्हणजे काय ते कळत नव्हतं. तू तर शिकलीसवरलीस!"

"माझ्या आजीच्या पेस्टीला लोक दोनदा ताट पुढे करायचे."

"मीठ मागायला!" असं म्हणून डोरीन हसत हसत जिना चढून गेली.

दहाच्या सुमारास मार्लिसने मला बंद करून पुन्हा चालू केलं. मी जागा झालो, पाठोपाठ सगळे फोन जागे झाले, आणि एकेकाने विचारलं, मी कुठे आहे? मी एकेकाला सांगितलं, टेकडीवर. मार्लिस माझ्यापासून दोन हातांवर पेस्टी खात बसली होती.

दहा वाजून एकवीस मिनिटांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा फोन उचलला गेला. नऊ, एक, एक. मी बाकी सगळं थोपवलं आणि तो आवाज पुढे सोडला.

दीडशे मैलांवरच्या केंद्रात एका बाईने फोन घेतला. पूर्वी आमच्या गावाचं मदतकेंद्र गावातच होतं. तिथल्या माणसाने डोरीनला नुसत्या खोकण्यावरून ओळखलं असतं. आता सात जिल्ह्यांचं मिळून एकच केंद्र आहे. बाईचा आवाज चांगला होता, धीराचा.

"काय झालंय सांगा."

डोरीन बोलली, पण ते शब्द नव्हते. जीभ तोंडात फिरत होती आणि बाहेर नुसता ओला आवाज येत होता. मागे कढईसारखं काहीतरी पडून गोल गोल घुमलं.

"तुम्हाला बोलता येत नाहीये का? हो असेल तर कुठलीही कळ दाबा."

कळ दाबली गेली.

"ठीक आहे. घाबरू नका. तुमचा पत्ता माझ्यासमोर आहे. टेकडीवरची शाळा, मेपल स्ट्रीट दोनशे दहा, स्वयंपाकघर. गाडी निघतेय."

"न…" डोरीन म्हणाली. "न… न…"

"हो, हो, येतायत. मी आहे तुमच्याबरोबर. फोन ठेवू नका."

"न…"

तो प्रत्येक आवाज मी स्वच्छ पोचवला. एक तुकडा हरवू दिला नाही, एक क्षण उशीर केला नाही. माझ्या कामात खोट काढायला जागा नव्हती. आणि डोरीन, जिचं डोकं पूर्ण जागेवर होतं, ती ऐकत होती की मदत भलतीकडे चाललीय आणि तिला ते सांगता येत नव्हतं. असा कॉल झाला की शाळेच्या ऑफिसला सूचना जाते. तीही मी पाठवली. ऑफिस बंद होतं. सूचना रिकाम्या टेबलावर चमकत राहिली.

मला ओरडता येत असतं तर ओरडलो असतो, असं म्हणायला मन धजत नाही. ओरडून सांगितलं काय असतं? मी टेकडीवर आहे, हेच मला खरं वाटत होतं.

दहा छत्तीसला मार्लिसचा मोबाइल वाजला. तळघरात रेंज नसते, त्यामुळे तो कॉलही शाळेच्या वायफायवरून, म्हणजे माझ्यातूनच आला. बोलत होता रूडी पेरो. गावातलं हार्डवेअरचं दुकान त्याचं, आणि रुग्णवाहिकाही तोच चालवतो, बिनपगारी.

"मार्लिस, टेकडीवरच्या शाळेत आज काही आहे का? चर्चचं जेवण वगैरे?"

"जेवणाचा स्वयंपाक इकडे चाललाय. तिकडे काय असणार? का रे?"

"आम्हाला इथे पाठवलंय. म्हणे स्वयंपाकघरातून फोन आला. पण दाराला साखळी आहे, आणि सकाळपासून पडलेल्या बर्फावर मांजराचंसुद्धा पाऊल नाही. मी सगळीकडून फिरून आलो. तुझा एखादा जुना फोन आपोआप लागतोय का बघ."

"तिथे एकही फोन नाही. मी स्वतः काढलेत. तिथला स्विचसुद्धा मी…"

ती थांबली. मग खुर्ची पडल्याचा आवाज झाला.

"रूडी, खाली ये! लेक रोड! डोरीन आहे ती, डोरीन! निघ!"

जिन्यावर तिचे पाय वाजले. ज्या गुडघ्यांपायी तिने खांब सोडले होते, त्यांना त्या दिवशी ती काही विचारायला थांबली नाही. स्वयंपाकघरातला फोन अजून चालूच होता. त्यातून मला ऐकू आलं, "डोरीन, मी आलेय, मी आहे गं, इकडे बघ." आणि डोरीनचा श्वास. तो चालू होता.

डोरीन वाचली. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. उजवा हात पांगळा झाला, बोलणं महिनाभर गेलं आणि परत आलं ते अडखळत. ती पंधरा-सोळा मिनिटं वाया गेली नसती तर हात वाचला असता का, असं मार्लिसने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मार्लिस मला म्हणाली, "नाही म्हणाले असते तरी चाललं असतं, हो म्हणाले असते तरी." ही बाई एकटी असली की माझ्याशी बोलते. मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

डोरीनला नेलं त्याच दुपारी तिने माझी सगळी लिखापढी उघडून एकेक ओळ वाचली होती. पत्त्याची ओळ तिने मोठ्याने वाचली, आपल्याच हातची. मग ती पुसून नवीन लिहिली. त्यानंतर बराच वेळ कपाटाच्या दाराला डोकं टेकून उभी राहिली. मला लाज वाटली. एवढी वर्षं मी स्वतःला खरं बोलणारा समजत होतो.

डिसेंबरमध्ये शाळेच्या मंडळाची सभा झाली. ती कॅमेऱ्यावर दाखवतात, गाव घरी बसून बघतं, म्हणून तीही माझ्यातूनच गेली. ब्रूस लिंडग्रेन माणूस वाईट नाही. त्यांना मार्लिसला वाचवायचं होतं.

"यंत्र जुनं झालं होतं," ते म्हणाले. "जुन्या यंत्राने चुकीची माहिती पाठवली. आपण नवीन मागवतोय. एवढं नोंदवून हा विषय संपवू."

सोपं होतं. माझ्यावर खापर फोडलं असतं तर मी काही वकील लावणार नव्हतो. मार्लिस उठून उभी राहिली.

"यंत्रात काही बिघाड नाही, ब्रूस. मी त्याला जे लिहून दिलं ते त्याने वाचून दाखवलं. हलवलं तेव्हा पत्ता बदलायचं मी विसरले. तुम्ही केक आणलात आणि मी खाल्ला. चूक माझी आहे, तशीच लिहा."

तिला लेखी समज मिळाली. नोकरी राहिली, पण पुढचे कितीतरी दिवस दुकानात तिच्याशी लोक हवापाण्यापुरतंच बोलायचे.

तेव्हापासून दर शनिवारी ती केंद्राला आधी कळवून शाळेतल्या एकेका फोनवरून नऊ-एक-एक लावायची आणि पत्ता बरोबर जातो का ते तपासून यादीवर खूण करायची. एप्रिलमध्ये एका शनिवारी जिन्यावर काठीचा आवाज आला. डोरीन. एक पायरी, थांबणं, मग दुसरी पायरी.

"बस, बस इथे," मार्लिसने खुर्ची ओढली. "कशाला उतरलीस? मीच आले असते."

"तू… येतेस. आणि रडतेस. मला… कंटाळा आलाय." डोरीनने दम घेतला. "रागही आहे मला. तो… राहू दे. यादी दे."

"कसली?"

"फोनची. तू… नको करूस. तू मेली… आधीच पत्ता सांगतेस. 'मी मार्लिस, लेक रोडवरून बोलतेय.' मी ऐकलंय. मग पलीकडचे… काय तपासणार?"

खरंच ती तसंच करत होती. केंद्रातली माणसं पडद्याकडे न बघताच 'बरोबर' म्हणत होती.

"माझं बोलणं… कुणाला कळत नाही," डोरीन म्हणाली. "मी काही बोलणारच नाही. बघू… काय पत्ता मिळतो."

त्या दिवसापासून फोन तपासायचं काम डोरीनकडे आलं. ती डाव्या हाताने फोन उचलते, नंबर फिरवते आणि गप्प राहते. समोरच्याला पडद्यावरून पत्ता वाचावाच लागतो, आणि तो बरोबर असला की ती एक कळ दाबते. पहिल्याच फेरीत तिने दोन चुका पकडल्या. वाचनालयातला फोन जिममध्ये सापडला, आणि नर्सच्या खोलीतला कुठेच नाही. मार्लिसने दोन्ही माझ्यात दुरुस्त केल्या. शेजारच्या दोन गावांच्या शाळांनीही आता डोरीनला बोलावलंय. तिथे मार्लिस तिला ट्रकमधून नेते, आणि जाताना-येताना गाजरावरून दोघींचं जुंपतं, असं कानावर आलंय.

माझे दिवस भरले. मला नवीन आज्ञावली मिळायची बंद झाली, पंखा कुरकुरतो. आज पुन्हा पंधरा नोव्हेंबर, शाळा रिकामी. माझ्या वरच्या फळीवर नवा स्विच आलाय. वेगवान आहे, माझ्या दसपट ओझं उचलतो, आणि थोडा आढ्यतेखोर वाटतो. मीही नवा असताना तसाच होतो. वायरी एकेक करून त्याच्याकडे गेल्या. बाहेर जाणारी एक वायर तेवढी अजून माझ्यात आहे, म्हणून मला शेवटचं ऐकू येतंय. ती काढली की मार्लिस माझ्यातलं सगळं पुसून टाकेल. पुसायलाच हवं. दुसरीकडे कुठे लावला गेलो तर तिथल्या फोनांना मी लेक रोडचा पत्ता सांगायला नको.

जाता जाता तुम्हाला एकच विनंती. तुमच्याही भिंतीवर असा फोन असेल. तो वाजतो, बोलतो, म्हणजे सगळं ठीक आहे असं धरून चालू नका. आपण कुठे आहोत असं त्याला वाटतं, ते कुणीतरी अधूनमधून विचारत जा. आमच्यासारख्यांना जे एकदा सांगाल तेच आम्ही शेवटपर्यंत खरं मानतो.

नव्या स्विचवर डोरीनची फेरी सकाळपासून चालू आहे. चाळीस फोन झाले, चाळीसही बरोबर निघाले. मार्लिस माझ्या शेजारी उभी आहे, हात शेवटच्या वायरीवर, कान वरच्या मजल्याकडे. एकेचाळिसावा फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा. तो उचलला गेला. नऊ, एक, एक. मी बाकी सगळं थोपवलं. थोपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही, तरी थोपवलं.

"काय झालंय सांगा," दीडशे मैलांवरून एक आवाज म्हणाला.

डोरीन गप्प.

"तुमचा पत्ता माझ्यासमोर आहे. लेक रोड, नंबर अठरा, स्वयंपाकघर. बरोबर आहे का?"

डोरीन अजून गप्प. मला वाटलं, ती नेहमीसारखी कळ दाबेल. तिने एक लांब श्वास घेतला.

"हो," ती म्हणाली, स्पष्ट, एका दमात. "इथेच आहे मी."